पाच मिलीलिटरची तूट

१

दोन नंबरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, भुलीच्या मशीनच्या फळीवर आणि शेजारच्या ट्रेमध्ये मिळून अकरा वस्तू होत्या.

रिकाम्या कुप्या तीन: झोपेच्या पांढऱ्या औषधाची एक, वेदना थांबवणाऱ्या औषधाची एक, स्नायू सैल करणाऱ्या औषधाची एक. नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या सिरिंजा तीन. मशीनमध्ये ओतायच्या औषधाची अडीचशे मिलीलिटरची बाटली एक. आत शिल्लक एकशे साठ. त्या बाटलीच्या सीलचं कडं एक. घशात घालायच्या नळीचं फाटलेलं पाकीट एक. पेन एक. आणि भुलीचा तक्ता एक, ज्यावर दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहिलेला होता.

मोठ्या मॅडमनी यादी दोनदा तपासली. मग पांढऱ्या औषधाची सिरिंज उजेडात धरली.

कुपी वीस मिलीलिटरची. तक्त्याप्रमाणे ऑपरेशनच्या सुरुवातीला दिलं बारा. सिरिंजमध्ये आठ राहायला हवं होतं. होतं तीन.

पाच मिलीलिटर औषध कुणीतरी दिलं होतं आणि लिहिलं नव्हतं.

मोठ्या मॅडमना हसू आलं. कुणी बघत नव्हतं, तरी त्यांनी ते लगेच आवरलं.

प्रकार असा झाला होता. सकाळी इथे एका शाळेतल्या गणिताच्या बाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. ऑपरेशन नीट झालं. दुपारी एकच्या सुमाराला बाई पुरत्या शुद्धीवर आल्या आणि नर्सला म्हणाल्या, "मी मध्येच जागी होते. मला सगळं ऐकू येत होतं. हलता येत नव्हतं." नर्स धावतच ऑफिसात गेली. सुपरिंटेंडेंट साहेबांनी पुढचं ऑपरेशन रद्द केलं, थिएटरला कुलूप लावलं आणि मोठ्या मॅडमना बोलावलं.

"भूल दिली नव्या मॅडमनी. भुलीतलं समजणारं तुमच्याशिवाय इथे दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. "परवा गुरुवारी पाचपर्यंत मला लेखी द्या. निष्काळजीपणा निघाला, तर त्यांना विभागप्रमुख ठेवता येणार नाही."

"त्यांना थोडा वेळ चहाला सोडायला मी बसले होते तिथे, साहेब. तेवढं लिहून ठेवा," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"दहा-पंधरा मिनिटांचं काय घेऊन बसलात."

खरं तर साहेबांनी बोलावायच्या आधीच मोठ्या मॅडम त्यांच्या दाराशी उभ्या होत्या. विभागप्रमुखाची ती खुर्ची गेल्या वर्षी त्यांना मिळायची होती. मिळाली नव्या मॅडमना, ज्या त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होत्या आणि ज्यांना पहिली नस शोधायला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हापासून नव्या मॅडमच्या टेबलावरचं फुलपात्रसुद्धा मोठ्या मॅडमच्या डोळ्यांत खुपत होतं.

थिएटरचं दार पुन्हा लावताना त्यांनी तक्ता पिशवीत घातला. त्यावर एका कडेला त्यांच्याच वळणदार अक्षरातली ओळ होती: "१०.५२. व्हेपोरायझरमधलं औषध खालच्या रेषेच्याही खाली आढळलं. भरलं."

ही ओळ लिहून ठेवली ते बरं केलं, असं त्यांना वाटलं.

२

नर्सिंगच्या मुलींना मोठ्या मॅडम दरवर्षी सांगत, भूल म्हणजे एक औषध नव्हे. ती तीन पायांची तिवई आहे. एक पाय झोपेचा, एक वेदना थांबवण्याचा, एक स्नायू सैल करण्याचा. तिन्हींची औषधं वेगळी. सुरुवातीची झोप सुईतल्या पांढऱ्या औषधानं येते, पण ते पाच-दहा मिनिटांत उतरतं. पुढची झोप टिकवायची ती मशीनच्या वाफेनं. व्हेपोरायझर नावाच्या डब्यात, त्यावरच्या खालच्या रेषेच्या वर राहील इतकं, औषध ओतायचं, वरचं डायल फिरवायचं, की ठरावीक प्रमाणात त्याची वाफ श्वासात मिसळते. ती वाफ थांबली की माणूस जागा होतो. आणि बाकीचे दोन पाय शाबूत असले, तर त्याला दुखत नाही आणि हलताही येत नाही. बाहेरून तो झोपलेलाच दिसतो.

गणिताच्या बाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारी स्टुलावर त्यांची मोठी जाऊ.

"दुखलं का तुम्हाला?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"नाही. ओढल्यासारखं वाटत होतं. कपाटातून कुणी कपडे ओढून काढतंय, तसं."

"मी म्हटलंच होतं, मोठ्या दवाखान्यात जा," जाऊबाई म्हणाल्या. "पण आमच्या धाकट्या बाईंना शिक्षकांची सवलत हवी."

"वहिनी, जरा थांबा."

"थांबले. पस्तीस वर्षं थांबलेच आहे."

गणिताच्या बाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं. "पहिलं काय ऐकलं सांगू? एक पुरुष कुणावर तरी खेकसत होता. 'अगं उजवीकडे, उजवीकडे. डोळे आहेत का बटणं?' मला वाटलं मलाच म्हणतोय. मी उजवीकडे बघायला गेले, तर पापणी उचलेना. बोट हलेना. श्वाससुद्धा माझा मी घेत नव्हते. कुणीतरी माझ्यासाठी घेत होतं."

जाऊबाईंनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"मग काय केलंत?"

"मोजलं. डोक्याशी टिकटिक चालू होती, माझ्याच नाडीची असणार. वेड लागू नये म्हणून मोजत गेले. सहाशे अकरा झाले तेव्हा दार उघडलं, पाय वाजले, आणि हातातून जळजळ वर चढली. खांद्यापर्यंत. पुढचं आठवत नाही."

मोठ्या मॅडमचं पेन थांबलं. पांढरं औषध नसेतून जाताना जळजळतं. पाच मिलीलिटर कुठे गेले ते कळलं. नव्या मॅडमना रोगी जागा असल्याचं समजलं होतं. त्यांनी गुपचूप औषध देऊन झोपवलं, आणि तक्त्यावर अक्षर लिहिलं नाही.

"आकडा नक्की ना? सहाशे अकरा?"

"बाई," गणिताच्या बाई म्हणाल्या, "मी एकवीस वर्षं पेपर तपासतेय."

३

त्या संध्याकाळी मोठ्या मॅडम घरी गुणगुणत होत्या. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं.

"काय सापडलं एवढं?"

"नव्या बाईंची चूक."

"असं होय. मला वाटलं लॉटरी लागली." त्यानं पान उलटलं. "तुला दुसऱ्याच्या ताटातलं नेहमी मोठं दिसतं हं. आता तिचं ताटच ओढून घेणार म्हण."

"मी ओढत नाहीये. तिच्या हातून पडतंय."

त्यांची उपपत्ती सरळ होती. दहा बावन्नला व्हेपोरायझरमधलं औषध रेषेखाली होतं, म्हणजे त्याआधीच ते आटून वाफ थांबली असणार. बाई तेव्हा जाग्या झाल्या. नव्या मॅडमनी पाच मिलीलिटर देऊन वेळ मारून नेली आणि चहाला पळाल्या. वाफ किती आहे ते दाखवणारा मॉनिटर दोन नंबरमधून महिनाभर दुरुस्तीला गेलेला, त्यामुळे यंत्र चुगली करणार नव्हतं. आता फक्त वेळ पक्की करायची होती.

बुधवारी सकाळी त्यांनी टेक्निशियनला गाठलं. सगळं हॉस्पिटल त्याला मामा म्हणायचं. तो मशीनच्या नळ्या धुऊन टांगत होता.

"मामा, काल व्हेपोरायझर रिकामा ठेवला होता तुम्ही?"

"रिकामा? सकाळी रेषेच्या जरा वर होता. नव्या मॅडमना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, ऑपरेशन संपल्यावर भरू, तेवढ्याला पुरेल." मामानं नळी झटकली. "तुम्ही बसलात तेव्हा तुम्हीच बाटली मागितलीत. मी सीलबंद दिली, तुमच्यासमोर कडं तोडलं."

"नवी? पूर्ण अडीचशेची?"

"मग काय जुनी देऊ तुम्हाला? नव्या मॅडमना दिली असती एखादवेळी. परवा सगळ्यांसमोर झाडलं मला, नळ्या ओल्या म्हणून. पण औषधात खोटेपणा नाही करत मी."

मोठ्या मॅडम तिथेच उभ्या राहून वजाबाकी करत होत्या. अडीचशेतून एकशे साठ उरलं. डब्यात गेलं नव्वद. पूर्ण भरला की डब्यात मावतं एकशे पंचवीस, आणि त्यांनी काठोकाठ भरला होता. म्हणजे भरण्याआधी आत पस्तीस होतं. तासाला दहा-बारा मिलीलिटर लागतं. रेषेखाली असलं तरी आणखी अडीच-तीन तासांचं औषध डब्यात होतं.

वाफ आटली नव्हती.

"मामा, मग ती बाई जागी कशी झाली?"

"ते मला विचारता होय?" मामा म्हणाला. "मी नळ्यावाला."

सर्जन ओपीडीत होते. प्रश्न ऐकून ते ओशाळले.

"हो, बोललो मी तसं. कॅमेरा धरणाऱ्या सिस्टरला. पित्ताशय सोडून ती मला यकृताची सहल घडवत होती." मग आवाज उतरवून म्हणाले, "त्या बाईंनी ऐकलं ते?"

"पहिलं तेच ऐकलं. किती वाजता बोललात?"

"मला कसं आठवणार? पण दुर्बिणीचं चित्रण आहे. कॅमेरा भरकटला तेव्हाच बोललो असणार. वेळ कोपऱ्यात उमटते."

त्यांनी कॉम्प्युटरवर चित्रण पुढे पळवलं. गुलाबी भिंत, चकचकीत चिमटा, एक क्लिप, दुसरी क्लिप. मग एकाएकी चित्र डावीकडे घसरलं आणि पडदाभर तपकिरी यकृत पसरलं.

कोपऱ्यात वेळ होती १०.५९.

मोठ्या मॅडमनी पिशवीतून तक्ता काढला. नव्या मॅडम चहाला गेल्या दहा पन्नासला. परतल्या अकरा चारला. मधल्या दोन नोंदी होत्या. दहा पंचावन्न: नाडी ७८. अकरा: नाडी ९८.

दोन्ही आकडे वळणदार अक्षरात होते.

"काय झालं, मॅडम?" सर्जननी विचारलं. "बसा ना जरा."

४

नव्या मॅडम विभागाच्या खोलीत एकट्याच होत्या. त्या खुर्चीत. मोठ्या मॅडमनी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"पाच मिलीलिटर तू दिलंस. कधी?"

"अकरा पाचला." नव्या मॅडमनी हातातली फाईल मिटली. "तुम्ही उठून गेलात आणि लगेच."

"का?"

"नाडी एकशे सहा होती. डोळ्यांच्या कडेला पाणी होतं. मी मशीनकडे बघितलं."

"आणि?"

"डायल शून्यावर होतं."

बाहेर कॉरिडॉरमधून ट्रॉली गेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

मोठ्या मॅडमना आता आपला हात दिसला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. एक नंबर थिएटरमधलं मशीन नवं. तिथे डायल चालू ठेवूनच औषध भरता येतं, आणि वर्षभर त्या तिथेच काम करत होत्या. दोन नंबरमधला डबा जुना. डायल शून्यावर नेल्याशिवाय त्याचं झाकण उघडतच नाही. म्हणून त्यांनी शून्यावर नेलं, झाकण उघडलं, नव्वद ओतलं, झाकण लावलं. मग डायल परत फिरवायचं. वर्षभरात हाताची ती सवय मोडलेली. आणि झाकण लावल्या लावल्या हातानं डायलऐवजी पेन उचललं होतं. ती ओळ लिहायची होती ना. शब्द जुळवले होते त्यांनी. 'रेषेखाली' पुरेसं वाटलं नाही, 'रेषेच्याही खाली' लिहिलं. अकराला नाडी वाढलेली दिसली, तेव्हा सर्जन आत ओढाताण करत असेल असं मनाशी म्हणून आकडा टिपला आणि पुन्हा आपली ओळ वाचली.

"ते पाच मिलीलिटर लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं असतं तर कारणही लिहावं लागलं असतं. दुपारी तुमच्याशी बोलून लिहिणार होते. ते चुकलं माझं, तसं सांगेन मी साहेबांना." नव्या मॅडम थांबल्या. "मग कळलं, चौकशी तुम्ही मागून घेतलीत."

"आणि तू गप्प बसलीस. मला वाचवायला?"

"नाही हो." नव्या मॅडम हसल्या, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "एवढी काही मी देवमाणूस नाही. एक वर्ष झालं मला या खुर्चीत. सर्जन अजून विचारतात, मोठ्या मॅडम मोकळ्या आहेत का. मुली शंका विचारायला तुमच्याकडे जातात. माझ्याकडे रजेचे अर्ज घेऊन येतात. खुर्ची मला दिली आणि मान तुमच्याकडेच राहिला. मी सांगितलं असतं डायल शून्यावर होतं, तर सगळे काय म्हणाले असते? खुर्ची घेतली, आता म्हातारीला घालवायला निघाली."

"म्हातारी?"

"ते म्हणाले असते. मी नाही म्हणत." त्यांनी फाईल बाजूला सारली. "म्हणून ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही हिशोबाच्या पक्क्या. मोजू दे तुम्हालाच सगळं. उत्तर तुमच्याच हातानं निघू दे. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"ऐकलंस?"

"अजून नाही."

मोठ्या मॅडमनी तक्ता टेबलावर ठेवला. हा एक कागद. याशिवाय होतं काय? कोपऱ्यात वेळ असलेलं चित्रण, त्यात आवाज नाही. शून्यावरचं डायल एकीनंच पाहिलेलं, आणि तिनंच औषध चोरून दिलेलं. पाच मिलीलिटरची तूट साहेबांना पुरली असती. घरी टाईप केलेला अहवाल पिशवीत तयार होता, खाली सहीची जागा सोडून. उद्या पाच वाजता ही खोली त्यांची झाली असती.

नव्या मॅडम त्यांच्या पिशवीकडेच बघत होत्या.

"तिवईचा एक पाय मी काढला," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "डायल मी शून्यावर नेलं आणि परत फिरवलं नाही. ऐकलंस आता?"

नव्या मॅडमनी मान हलवली. पण ज्यासाठी दोन दिवस वाट पाहिली, ते मिळाल्याचा आनंद काही त्यांच्या तोंडावर दिसेना.

५

गुरुवारी दुपारी मोठ्या मॅडमनी साहेबांच्या टेबलावर हातानं लिहिलेला दोन पानी अहवाल ठेवला. साहेबांनी तो उभ्यानं वाचायला घेतला आणि अर्ध्यात खाली बसले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर ओळखीचं आहे ना?"

"अहो, पण तुम्हीच चौकशी करणार आणि तुम्हीच... निदान चहाला जाताना त्यांनी तुम्हाला नीट सांगितलं नसेल, डबा रेषेशी आलाय म्हणून. तेवढं तरी घाला."

"तो पुरेसा भरलेला होता, साहेब. मी भरला नसता तर ती बाई झोपून राहिली असती."

"मग भरलात कशाला?"

"भरला असं लिहिता यावं म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वरिष्ठांना कळवावं लागेल, त्या चौकशीचा निकाल लागेपर्यंत त्यांना थिएटरमध्ये पाऊल टाकता येणार नाही, असं ते म्हणाले. मोठ्या मॅडम हो म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली: हे त्या बाईंना त्या स्वतः सांगतील. साहेब नको म्हणत होते. वकील, वर्तमानपत्र, नातेवाईक, सगळं त्यांनी मोजून दाखवलं. मोठ्या मॅडम तोवर दाराबाहेर पडल्या होत्या.

गणिताच्या बाईंची पिशवी भरून कॉटवर ठेवली होती. जाऊबाई औषधांच्या पट्ट्या एकेक करून पाकिटात भरत होत्या.

मोठ्या मॅडमनी स्टूल ओढलं नाही. उभ्यानंच सांगितलं: औषध भरायला डायल बंद केलं ते मी. चालू करायचं विसरले ते मी. तुम्हाला भूल देणाऱ्या डॉक्टरांनी परत आल्यावर ते ओळखलं, डायल चालू केलं आणि तुम्हाला झोपवलं. तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला भास झाला नाही.

"बघा," जाऊबाई म्हणाल्या. "आणि परवापासून ती नर्स सांगतेय, स्वप्न पडलं असेल. माझी जाऊ आणि स्वप्न? हिला स्वप्नातसुद्धा पाढे पडतात." बोलता बोलता त्या पुन्हा पट्ट्यांकडे वळल्या.

गणिताच्या बाई मोठ्या मॅडमकडे बघत होत्या. रडणं नाही, आरडाओरडा नाही. काल रात्री दिवा बंद करू दिला नाही त्यांनी, हे नर्सनं मोठ्या मॅडमना आधीच सांगितलं होतं.

"मी तिथे पडले होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही माझ्या डोक्याशीच बसला होता?"

"हो. हातभर अंतरावर."

"मग तुमचं लक्ष कुठे होतं?"

मोठ्या मॅडमकडे याची दोन-तीन चांगली उत्तरं होती. जुनं मशीन, हाताची सवय, दुरुस्तीला गेलेला मॉनिटर. सगळी खरी होती आणि सगळी अहवालात लिहिलेली होती.

"दुसरीची चूक लिहीत होते," त्या म्हणाल्या.

गणिताच्या बाईंनी उशीखालून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"मी जागी होते ते मला माहीत आहे. ते मी मोजलंय. पण ते बटण एकूण किती वेळ बंद होतं?"

मोठ्या मॅडमनी तक्ता उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि एक बोट आपल्या ओळीवर, दुसरं नव्या मॅडमच्या परत आल्यावरच्या पहिल्या नोंदीवर टेकवलं.

"दहा बावन्न ते अकरा पाच. तेरा मिनिटं."